हलगीची साक्ष

एका गावात, देवळापुढच्या मांडवात, प्रांतसाहेबांच्या टेबलाशेजारी उभा राहून मी खणखणीत आवाजात म्हणालो आहे, "तेव्हा मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते." माझ्या मिशा तेव्हाही आजच्याएवढ्याच होत्या. पोट मात्र आजच्यापेक्षा कमी होतं, नाहीतर साहेबांना वाक्य चटकन पटलं असतं.

हा माझा धंदा आहे. मी कोर्टातला दुभाषी. कागदावर माझं पद बरंच लांबलचक आहे, ते माझ्या बायकोलाही पाठ नाही. नोकरीची काही वर्षं अजून शिल्लक आहेत, तेव्हा कुठलं कोर्ट, कोणते साहेब, हे विचारू नका. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझी हयात गेली आणि पुढेही जाईल, एवढं पुरे.

काम सोपं आहे. कोर्टाचं कामकाज मराठीत चालतं. साक्षीदाराला मराठी येत नसलं तर मधे मी. साक्षीदाराच्या आधी मी शपथ घेतो, की तो जे बोलेल ते आणि तेवढंच सांगीन. पदरचं घालणार नाही, त्याचं खाणार नाही. आणि साक्षीदार 'मी' म्हणाला की मीही 'मी' म्हणायचं. 'ती बाई असं म्हणते' असं म्हणत बसलं तर कागदावर कोण कोणाबद्दल बोलतंय याचा पत्ता लागत नाही. या नियमापायी मी सासू झालो, सून झालो, आणि एकदा तर एकाच दुपारी चोरीला गेलेल्या म्हशीचा मालकही झालो आणि म्हैस नेणाराही झालो. मालक जास्त चांगला वठला.

वठणारच. सांगलीत ज्याला नाटकाचं वेड नाही त्याला लोक तब्येत बरी आहे ना विचारतात. गणेशोत्सवात मी इतकी नाटकं केली, की परीक्षेत नापास व्हायलाही वेळ मिळायचा नाही. भाषा मात्र घरातच मिळाल्या. वडील कुंडलचे, त्यांची मराठी रांगडी. आईचं माहेर सीमेवर, तिथं सगळं कन्नडमध्ये. आम्ही राहत होतो मिरजेत, आणि शेजारच्या खाला मला "इदर आ रे भूके" म्हणून शिरखुर्मा द्यायच्या. तीन घरी जेवलेल्या मुलाला तीन भाषा येतात, यात हुशारी पोटाची असते. सरकारनं त्याच पोटाला पुढे पगार लावून दिला.

आता सरकारचं भाषेचं धोरण म्हणजे काय, ते पुस्तकात वाचण्यापेक्षा माझ्या टेबलाशी बसून पाहावं. राज्याचा कारभार मराठीत, हा नियम. मला तो मनापासून मान्य आहे. कागद कुठल्या तरी एका भाषेत लिहायलाच हवा, नाहीतर तलाठी एका भाषेत लिहील, तहसीलदार दुसरीत वाचील आणि शेतकरी तिसरीत बोंब मारील. पण हेच सरकार आमच्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला कन्नड शाळा चालवतं, मिरजेत उर्दू शाळा चालवतं, आणि चांगलं करतं. म्हणजे सकाळी मुलाला कन्नडमध्ये पाढे शिकवायचे आणि मूल मोठं झालं की त्याला मराठीत नोटीस पाठवायची. या दोन्हींच्या मधल्या फटीत माझी खुर्ची आहे.

आणि तुम्हाला वाटत असेल की अडचण फक्त कन्नड-उर्दूवाल्यांची, तर साताऱ्यातला एक किस्सा ऐका. बांधाच्या भांडणात साक्षीदार होते म्हसवडकडचे एक निवृत्त सुभेदार. छातीवर बिल्ले, पायात चकचकीत बूट. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "बांधावर काय पाहिलंत?"

"हमने देखा साब, के फिर्यादी दाहिने तरफ से आगे बढा!"

"तुम्ही मराठी आहात ना?"

"जी साब!"

"मग मराठीत बोला."

"जी साब! तो हमने देखा के फिर्यादी के हाथ में कुदाल था!"

साहेबांनी डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "दुभाषी, करा." आणि मी म्हसवडच्या मराठी माणसाचं मराठीत भाषांतर केलं. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना म्हणालो, "सुभेदारसाहेब, हे काय हो?"

ते एकदम घरच्या आवाजात आले. "आवं, आमचं मराठी म्हंजी घरातलं. हाय, न्हाई, कवा, तवा. आत सायेब बोलत्यात ते छापल्यालं मराठी. त्यांच्याम्होरं आमी काय लंगोटावर उभं ऱ्हायाचं व्हय? हिंदी कशी, युनिफार्म घातल्यावानी वाटती."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. भाषा एक असून माणूस इतका अवघडतो, तर जिची भाषाच वेगळी तिचं काय होत असेल? म्हणून आता गंगव्वा.

गंगव्वाचं गाव आमच्या जिल्ह्याचं अगदी शेवटचं. पुढच्या ओढ्यापलीकडे कर्नाटक. गाव बोलतं कन्नड, देव ऐकतो कन्नड, बैल वळतात कन्नडमध्ये. बाजारापुरती मराठी पुरुषांना येते. बायकांना भाव करण्याइतपत येते. गंगव्वा साठी ओलांडलेली विधवा, इरकल नेसलेली, जमीन थोडी आणि त्या जमिनीत एक विहीर. गावाला नवा रस्ता मंजूर झाला. आखणी झाली ती नेमकी तिच्या विहिरीवरून. विहीर बुजवायची आणि वरून डांबर. ज्यांना हरकत असेल त्यांनी ती मुदतीत सांगावी, अशी नोटीस निघाली, मराठीत. पंचायतीच्या भिंतीवर चिकटली. गावात हलगी वाजवून दवंडी फिरली. व्हॉट्सॲपच्या गटावरही पडली. गंगव्वाकडे फोन नव्हता. मुदत संपून गेली, आणि तिला रस्त्याची बातमी कळली ती पोकलेन बांधाला येऊन उभं राहिलं तेव्हा. ती विहिरीच्या काठावर बसली आणि उठेना. मग नातेवाईकांनी वकील गाठला, कोर्टानं तात्पुरतं थांबवलं, आणि प्रकरण आमच्यासमोर आलं.

प्रश्न एवढाच होता. दवंडी गावाला पोचली की नाही? पोचली असेल, तर हरकतीची वेळ गेली आणि विहीर गेली. नसेल, तर पुन्हा सुनावणी. बाकी सगळी वकिली सजावट.

न्यायाधीश मॅडम विदर्भातल्या, वयानं तरुण, बोलणं मोजकं. हसल्या की नाही हे त्यांच्या पेनकडे पाहून ओळखायचं, ते थांबलं की हसल्या. सरकारतर्फे माने वकील, आवाजाचा मोठा माणूस. गंगव्वातर्फे मिरजेचे मुल्ला वकील, सडपातळ, नेहमी घाईत असल्यासारखे, पण प्रश्न विचारताना एकदम सावकाश.

गंगव्वाची साक्ष मी आयुष्यात विसरणार नाही. माने वकिलांनी विचारलं, "तुम्हाला मराठी समजतं ना?" मी ते कन्नडमध्ये विचारलं. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मिशांवर नजर रोखून उत्तर दिलं. शपथ म्हणजे शपथ. मी कोर्टाकडे वळलो आणि म्हणालो, "या माणसाचं कन्नड माझ्या म्हशीलाही कळणार नाही."

मॅडमनी विचारलं, "हे तुम्ही म्हणताय की त्या?"

"मी म्हणतोय मॅडम. म्हणजे त्या म्हणताहेत. म्हणजे मी म्हणतेय."

पेन थांबलं.

पुढचे प्रश्न मात्र हसण्याचे नव्हते. माने वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी हलगी ऐकलीत?"

"ऐकली."

"मग चौकात का गेला नाहीत?"

"कशाला जाऊ? मी शेंगा फोडत बसले होते."

"सरकारची दवंडी कानावर पडली आणि तुम्ही शेंगा फोडत बसलात?"

"ती सरकारची नव्हती."

माने वकिलांनी हात पसरून कोर्टाकडे पाहिलं. बाई ऐकल्याचं कबूल करतेय आणि वर सरकारची नव्हती म्हणतेय! त्यांनी साक्ष तिथंच संपवली. संपवणारच, त्यांना हवं ते मिळालं होतं. मला त्या शेवटच्या वाक्यात काहीतरी खटकलं. तिनं ते बचाव म्हणून म्हटलं नव्हतं. आज गुरुवार आहे म्हणावं तसं म्हटलं होतं. पण दुभाष्याला खटकण्याची मुभा नाही. मी शब्द पोचवणार, त्यांचा अर्थ लावून देणं माझ्या कामात बसत नाही. मुल्ला वकिलांकडे मी पाहिलंसुद्धा नाही. सुदैवानं त्यांनाही कान होते. कागदांवर हळूहळू पडणारे त्यांच्या बोटाचे ठोके मला ऐकू येत होते.

पुढच्या तारखेला सरकारचा साक्षीदार आला, गावचा कोतवाल यल्लाप्पा. दवंडी त्यानंच दिलेली. गुलाबी फेटा, काळ्याभोर रंगवलेल्या मिशा आणि डोळ्यात काजळाची पुसट रेघ. मी त्याला पाहताक्षणी ओळखलं, हा आमच्यातलाच. पिंजऱ्यात चढताना त्यानं प्रेक्षक मोजले. मुल्ला वकिलांच्या अर्जावरून कोर्टानं त्याला हलगी बरोबर आणायला सांगितलं होतं. ती त्यानं तान्ह्या बाळासारखी दुपट्यात गुंडाळून आणली होती.

गंगव्वा आणि गावातली माणसं टेंपोनं आली होती. ती आवारात कडुलिंबाखाली बसली होती. गंगव्वाला आत बसायचा हक्क होता, पण ती म्हणाली होती, "आत बसून काय करू? तुमचं मराठी डोक्यावरून जाणार. त्यापेक्षा झाडाखाली वारा तरी लागतो."

माने वकिलांनी यल्लाप्पाकडून भराभर वदवून घेतलं. दवंडी दिली? दिली. सगळ्या गल्ल्यांतून? सगळ्या. तलाठी सोबत होते? होते. झालं.

मुल्ला वकील उठले. "दवंडीचे शब्द कोण बोललं?"

यल्लाप्पाचा चेहरा जरासा उतरला. त्याचं उत्तर मी 'मी' होऊन सांगितलं ते असं. "पूर्वीचे तलाठी मला मजकूर सांगायचे आणि मी तो आमच्या भाषेत, आमच्या पद्धतीनं ओरडायचो. नवे साहेब सातारा जिल्ह्यातले, खंडाळ्याकडचे. ते म्हणाले, तू कन्नडमध्ये काय बोलतोस ते मला कळत नाही, उद्या चुकलं तर माझ्या गळ्यात येईल. मजकूर मी मराठीत वाचतो, तू फक्त हलगी वाजव. आणि ते मोबाइलमधून वाचत गेले."

खरं सांगतो, मला त्या तलाठ्याचा राग आला नाही. ज्या शब्दांवर त्याची सही असणार ते त्याला कळायला हवेत, हे चूक कसं म्हणणार? नियमानं चाललेला माणूस होता.

"बरं," मुल्ला वकील म्हणाले, "शब्द साहेबांचे. हलगी कशी वाजवलीत?"

यल्लाप्पा ताठ झाला. "झकास वाजवली."

"झकास म्हणजे कशी?"

"ते सांगून कळायचं नाही. वाजवावं लागेल."

माने वकील उसळले. "हरकत आहे मॅडम! साक्ष भाषेत द्यायची असते. हलगी ही भाषा नाही. राज्यघटनेत भाषांची यादी आहे, तिच्यात हलगी नाही!"

"मी ती भाषा म्हणून ऐकणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आवाज म्हणून ऐकेन."

"आणि त्याचं भाषांतर? ते कोण करणार?"

सगळं कोर्ट माझ्याकडे वळलं. नाटकात असा क्षण आला असता तर मी दोन पावलं पुढे आलो असतो. इथं मी एक पाऊल मागे सरकलो. कन्नड माझी, मराठी माझी, दखनी माझी, पण कातड्याचं भाषांतर मी कुठल्या शपथेवर करू? "मॅडम," मी म्हणालो, "हलगी मला येत नाही."

"बघू," मॅडम म्हणाल्या. "वाजवा."

यल्लाप्पानं दुपटं सोडलं, हलगीवर टिचकी मारली आणि नाक मुरडलं. "शेकायला पाहिजे. थंड आहे, बोलणार नाही."

हलगीचं कातडं जाळावर धरून ताणून घ्यावं लागतं, हे कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नाही. आमचे शिपाई बाबूराव हबकलेच. "आवं, कोर्टात जाळ? ह्यो काय हुरड्याचा फड हाय का?" पण मॅडमनी परवानगी दिली. माने वकील म्हणाले, साक्षीदार एकटा जाता कामा नये. म्हणून कॅन्टीनच्या मागे रद्दी पेपर आणि मोडका झाडू पेटवून यल्लाप्पा हलगी शेकत बसला आणि बाबूराव त्याच्यावर सरकारी पहारा देत उभे राहिले. परत आले तेव्हा बाबूरावांच्या भुवईला थोडी राख होती. "लय नखरं हाईत गड्या हिचं," ते माझ्या कानाशी पुटपुटले.

"त्या दिवशी वाजवलीत तशीच वाजवा," मुल्ला वकील म्हणाले.

आणि त्या माणसानं वाजवली! दोन्ही हातांतल्या काड्या दिसेनाशा झाल्या. भिंतीवरच्या तसबिरी हलल्या. शेजारच्या कोर्टातले पक्षकार दाराशी जमले, एका वकिलाच्या खांद्यांनी ताल धरला, बाबूराव तर उभ्या जागी गुडघ्यातून डोलायला लागले. माझ्या अंगात आलंच होतं, मी फाईल छातीशी घट्ट धरून स्वतःला आवरलं.

मॅडम खिडकीतून बाहेर पाहत होत्या. मीही पाहिलं. कडुलिंबाखाली गावाचं जेवण चाललं होतं. दोन तरुण पोरांनी शीळ घातली. एका म्हाताऱ्यानं मांडीवर ठेका धरला आणि दुसऱ्या हातानं भाकरी मोडत राहिला. बायकांनी मानही वर केली नाही. गंगव्वा कांदा फोडत होती.

हलगी थांबली. यल्लाप्पा घामाघूम होऊन टाळ्यांची वाट पाहत होता. मुल्ला वकिलांनी अगदी प्रेमानं विचारलं, "ही कशाची चाल?"

"कुस्त्यांच्या मैदानात पाहुणे येतात तेव्हाची," मी त्याच्या वतीनं म्हणालो. "माझ्यासारखी तालुक्यात कुणी वाजवत नाही."

"मग त्या दिवशी हीच का?"

यल्लाप्पानं हलगीच्या कडेची राख अंगठ्यानं पुसली. मग बोलला ते हळू. मीही हळूच सांगितलं. "साहेब गावात पहिल्यांदा फिरत होते. कोतवाल काय चीज आहे ते त्यांना दिसावं, असं वाटलं. आणि बोलणं तर माझ्याकडून काढून घेतलं होतं. हातात नुसती हलगी उरली. मग जे होतं नव्हतं ते सगळं हलगीत ओतलं."

एका कलावंताचं दुःख दुसऱ्यानं मराठीत सांगितलं, असं मला त्या क्षणी वाटलं. पण काम थांबलं नव्हतं.

"आता," मुल्ला वकील म्हणाले, "एरवी सरकारी दवंडी असते तेव्हा वाजवता तशी."

यल्लाप्पानं तोंड वाकडं केलं. "त्यात काय आहे? ते कुणीही वाजवेल."

"तरी वाजवा."

त्यानं एक काडी खाली ठेवली. ठक्. ठक्. मग थांबणं. पुन्हा ठक्. ठक्. चाल नाही, रंग नाही. पावसाळ्यात पत्र्यावर थेंब पडावेत तसं रटाळ. शेजारच्या कोर्टातले प्रेक्षक निराश होऊन निघून गेले.

आणि बाहेर झाडाखाली सगळं थांबलं.

म्हाताऱ्यानं भाकरी फडक्यात टाकली. बायकांनी डबे झाकले, पदर डोक्यावर घेतले. शीळ घालणारी पोरं उठून उभी राहिली. कुणी कुणाला हाक मारली नाही, खूण केली नाही. तिसऱ्यांदा ठोका पडेपर्यंत सगळं गाव चालत कोर्टाच्या दाराशी आलं होतं. सगळ्यांच्या पुढे गंगव्वा. तिच्या गालात घास तसाच होता. तो कसाबसा गिळून तिनं मला काहीतरी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "दुभाषी, त्या काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "आता सरकार काय न्यायला आलंय?"

यल्लाप्पानं हलगी खाली ठेवली. त्याला आत्ता उमगलं होतं. पाहुण्यांची चाल, साहेबाची मराठी, हातात मोबाइल. गावानं हिशोब केला असणार की कुठलासा कार्यक्रम आहे, हार घालतील, फोटो काढतील, भाषण होईल, आपलं तिथं काय काम? आणि मंडळी शेंगा फोडत बसली. त्यानं दारातल्या गंगव्वाकडे पाहिलं आणि फेटा काढून हातात घेतला. तिनं त्याला कन्नडमध्ये अशी काही शिवी दिली, की मॅडमनी विचारलं असतं तर मला रजा टाकावी लागली असती. त्यांनी विचारलं नाही. भाव सगळ्यांनाच कळला होता.

माने वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, यांची आधी तालीम करून घेतलेली असू शकते."

मॅडमनी पेन उचललं. "त्या आजींनी तोंडातला घास चावायचा थांबवला, ते मी पाहिलंय, माने. इतका चांगला अभिनय आमच्या दुभाष्यालाही जमणार नाही."

आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात वाईट परीक्षण, आणि मी ते मान खाली घालून स्वीकारलं.

कागदावर काय लिहिलं गेलं? साक्षीदाराने दोन प्रकारे हलगी वाजवली. पहिल्या प्रकाराने बाहेरचे लोक जेवत राहिले. दुसऱ्या प्रकाराने ते उठून आत आले. बस. हलगी गेली, कन्नड गेलं, उरली दोन-तीन मराठी वाक्यं. मला याची रुखरुख लागते. मी कितीही जीव ओतला तरी साक्षीदाराचे शब्द हवेत जातात आणि फाईलमध्ये माझे राहतात. पुढे कधी कुणी ती फाईल उघडली तर त्याला वाटेल, पूर्व टोकाची सगळी माणसं माझ्यासारखंच बोलायची.

कोर्टानं हुकूम दिला. दवंडी पुन्हा, गावाच्या भाषेत आणि मराठीतही. हरकती नव्यानं ऐकाव्यात. नव्या दवंडीच्या दिवशी यल्लाप्पानं एकाच काडीनं हलगी वाजवली म्हणतात आणि मजकूर इतका लांबवला की तलाठ्यानं घड्याळ पाहिलं. तलाठ्यानं सोबत कन्नड शाळेचे गुरुजी घेतले होते, यल्लाप्पाच्या शब्दांवर कान ठेवायला. समजूतदार मुलगा. हीच युक्ती वरच्या कुणाला आधी सुचती तर परिपत्रक एका ओळीनं वाढलं असतं आणि एक खटला कमी झाला असता.

सुनावणीला मला गावात पाठवलं. प्रांतसाहेब परराज्यातले, मराठी शिकून आलेले. जपून, एकेक शब्द ठेवून बोलायचे. आराखडा उलगडून त्यांनी गंगव्वाला समजावलं. विहीर जुनी आहे, उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, मोबदला मिळेल, रस्ता झाला तर दवाखान्याची गाडी गावात येईल. सगळं खरं होतं. गावालाही रस्ता हवा होता. गंगव्वा ऐकत होती. शेवटी साहेबांनी विचारलं, "या विहिरीबद्दल तुमचं म्हणणं काय?"

ती उभी राहिली. आराखड्याकडे तिनं पाहिलं नाही. ती बोलायला लागली, आणि मी तिच्यामागून, तिच्या वेगानं, 'मी' होऊन बोलत गेलो.

"ही विहीर मी आणि माझ्या मालकांनी खणली. मजूर लावायची ऐपत नव्हती. ते खाली सुरुंग लावायचे, मी दगड वर ओढायचे. तेव्हा मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. लोक म्हणाले, घरी बस. मी म्हणाले, पाणी लागेल तेव्हा बसेन. पाणी लागलं त्याच आठवड्यात पोर झालं. तुम्ही म्हणता पाणी तळाला जातं. जातं. ते परत येतं, हे मला माहीत आहे. रस्ता करा, मी आडवी येत नाही. पण तो सरळच का हवा? वाकडा असला तर दवाखान्याची गाडी चालायची थांबते काय?"

मांडवात मिशीवाला माणूस 'मला दिवस गेले होते' म्हणाला आणि कुणीही हसलं नाही. प्रांतसाहेबांनी आराखडा स्वतःकडे ओढला. अभियंत्याला जवळ बोलावलं. बराच वेळ ते दोघं कुजबुजत राहिले, इंग्रजीत. मग साहेब गंगव्वाकडे वळले. माझ्याकडे न बघता, शाळेच्या गुरुजींना विचारून घेतलेला एकच कन्नड शब्द ते बोलले. "आग्ली." होऊ दे.

खाली बसताना तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, आता तुझं कन्नड म्हशीला कळेल. हे मी शपथेवर नसताना सांगतोय, तेव्हा थोडं वाढवलेलंही असेल.

रस्ता झाला. आईच्या माहेरी जाताना आजही मी एसटीनं त्याच रस्त्यानं जातो. गाव जवळ आलं की सरळ सपाट माळावर रस्ता एकाएकी वळतो, विहिरीला वळसा घालतो आणि पुन्हा सरळ होतो. काठावर बहुधा गंगव्वा असते, शेंगा फोडत. नवा चालक असला की तिथं जोरात ब्रेक मारतो आणि रस्ता आखणाऱ्याच्या नावानं मराठीत एक सणसणीत शिवी हासडतो. मागच्या बाकावरून कुणीतरी त्या शिवीला कन्नडमध्ये तेवढंच सणसणीत उत्तर देतं. दोघांनाही एकमेकांचं नीट समजतं. मी खिडकीशी गप्प बसून असतो. तिथं मला कुणी काही विचारत नाही.